यादी आधी माझ्याकडे येते

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील असं धरून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. दिवसभर फरशा घासणाऱ्या हाताला पेन फार हलकं लागतं, धरल्यासारखं वाटतच नाही.

तू म्हणशील, ताईला फोन काय महाग झाला? तसं नाही गं. फोनवर तू घाईत असतेस, मागे कुणीतरी रडत असतं, नाहीतर तुमच्या वकीलबाई तुला हाका मारत असतात. मला सावकाश सांगायचं होतं.

बातमी चांगली आहे. आम्ही जागा बदलली. नवा पत्ता पाकिटामागे आहे. ती तळघरातली खोली सुटली एकदाची. भिंतीला टेकलं की पाठ ओली आणि कपाट उघडलं की बुरशी, असं किती वर्षं काढलं ते तू पाहिलंच आहेस. डॉक्टर दर खेपेला तुझ्या दाजींच्या छातीला नळी लावायचे आणि एकच सांगायचे, जागा बदला. जशी काही जागा औषधाच्या दुकानात मिळते.

ही खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या. सकाळी ऊन पार पलंगापर्यंत येतं. दाजी उशी घेऊन उन्हाच्या मागे मागे सरकत असतात. काल मी म्हटलं, तुम्ही मांजर झालात अगदी. तर हसले. मध्ये खोकला न येता हसले, बारके. असं हसलेले मी कधी ऐकले होते ते मलाच आठवेना.

जागा कशी मिळाली ते भेटीत बोलू. आमच्या मालकाच्या इमारती बघणाऱ्या मॅनेजरने मनावर घेतलं, एवढं समज.

परवा सामान लावताना आपलं सगळं कसं सुरू झालं ते आठवत होते. तुझ्याकडे चहाला आले होते आणि सहज बोलून गेले, की भाडं थकलेल्या खोल्या रिकाम्या करायच्या आधी आठ-दहा दिवस मॅनेजर मला यादी देतो, म्हणजे खोल्या धुवायला मला पोती-ब्रश आणून ठेवता येतात. तू हातातला कप खाली ठेवलास. म्हणालीस, "म्हणजे आत राहणाऱ्यांच्या आधी तुला कळतं?" मी म्हटलं, नोटीस त्यांना आलेली असते, पण बाहेर काढायचा दिवस कळत नाही. तो आदल्या संध्याकाळी दारावर चिकटवतात. तू म्हणालीस, "ताई, मला तो दिवसच हवा असतो."

दोन वर्षांत तेरा घरं राहिली जागेवर. तुमच्या भाडेकरू मदत केंद्राच्या वहीत त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते मला माहीत नाही, मी आपली बोटांवर मोजते. तो इस्त्रीवाला आठवतो? वकीलबाईंनी कोर्टाची स्थगिती आणली, समोरच्या बेकरीवाल्याने त्याला सकाळचं काम दिलं, शेजारणींनी त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसायच्या पाळ्या लावल्या. आणि तू सरकारी मदत कचेरीचा तो मोठा अर्ज जिन्यात मांडीवर ठेवून भरलास. पेनातली शाई संपली तर त्याने कपड्यांवर खुणा करायची पेन्सिल दिली! कचेरीने तो अर्ज परत पाठवला, की पेन्सिल चालत नाही. केवढी चिडली होतीस. मला मात्र अजून हसू येतं.

तुमच्याकडे त्या शिवणवालीचं काही कळलं का? तिसऱ्या मजल्यावर राहायची ती. सहज विचारते.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

•

२१ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. ख्यालीखुशालीच्या दोन, "पत्ता वाचला" ही एक, आणि उरलेला एक प्रश्न. वकीलबाईंच्या संगतीत तूही उलटतपासणी शिकलीस.

विचारलंस म्हणून सांगते. शिवणवालीचं नाव यादीत उशिरा आलं. मॅनेजर विसरला असेल, नाहीतर मुद्दाम केलं असेल. मला कळलं तेव्हा हातात वेळ नव्हता. तेरा घरांच्या वेळी वेळेवर कळवलं, त्याचं काही नाही. एक राहिलं तर लगेच ताईला जाब.

जाऊ दे. रागाने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद वाया जाईल.

त्या लोकांना मी चांगली ओळखत होते. सहा वर्षं मी या इमारतीचा जिना पुसते आहे. ती शिवणवाली म्हणजे कपडे दुरुस्त करायची, चेन बदलायची, मोठ्यांचे कपडे लहान करायची. नवरा शाळेची बस चालवायचा, डोळे अधू झाले आणि गाडी सुटली. मुलगी दहावीला. तिघंही मला मावशी म्हणायचे. माझी बादली आणि पोछा त्यांच्या दाराआड ठेवायचे मी, म्हणजे रोज वर-खाली ओढायला नको. थंडीत तिने मला कधी गार पाण्यात हात घालू दिला नाही. आधी एक पातेलं गरम पाणी बाहेर यायचं, मग चहा.

तिचं काम कमी झालं होतं. नवे कपडे इतके स्वस्त झालेत की जुने शिवून घेतो कोण. त्यात नवऱ्याचं तसं. मदत कचेरीत अर्ज केला होता, उत्तर येत नव्हतं.

बावीस जानेवारीला सकाळी माणसं आली. मी होते तिथे, कामच माझं ते. तक्रार करावी असं कुणी काही वागलं नाही. सामान खाली नेलं, फुटपाथवर लावलं. शिलाई मशीन दोघांनी उचललं तर जिन्याच्या वळणावर अडकलं. तिचा नवरा चाचपडत खाली आला आणि म्हणाला, "पाय दुमडतात त्याचे. दाखवतो थांबा." दिसत नव्हतं त्याला नीट, पण हाताने बरोबर खटका शोधला आणि पाय दुमडून दिले. स्वतःचं मशीन बाहेर काढायला स्वतःच मदत केली. माणसं त्याला थँक यू म्हणाली.

मुलगी शाळेच्या कपड्यांतच होती. दप्तर पाठीवर होतं, पण शाळेत जायचं की नाही ते तिला कुणी सांगत नव्हतं.

मी काय करणार होते, सांग? मी झाडू मारणारी बाई.

दाजी ठीक आहेत. खोकला निम्म्यावर आला. तुझी आठवण काढतात, म्हणतात बारकी का येत नाही नवी जागा बघायला. मी म्हटलं, तिला काम असतं.

तुझी ताई

•

१५ मार्च

बारके,

मागचं पत्र खोटं आहे. दोन्ही पत्रं खोटी आहेत असं म्हण. फोनवर बोलले नाही ते याचसाठी, तुला माझ्या आवाजावरून कळलं असतं.

यादी सात जानेवारीलाच माझ्या हातात आली होती. पंधरा दिवस आधी. तुम्हाला कधी एवढे मिळाले नव्हते.

मॅनेजरने मला कचेरीत बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आजवर कधी दिली नव्हती. म्हणाला, "मावशी, तुमच्या मिस्टरांच्या छातीबद्दल काय म्हणतात डॉक्टर?" मी सांगितलं. मग म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरची उन्हाची खोली बावीसला रिकामी होतेय. तुम्ही घ्या. भाडं तळघराचंच ठेवू." मी हात जोडले. तर म्हणाला, "फक्त एक आहे. बावीस म्हणजे बावीस. अलीकडे आपल्या तारखा फार पुढे जायला लागल्यात. का जातात कोण जाणे." आणि कागदावरून नजर उचलून माझ्याकडे बघत राहिला.

तेवढंच. गप्प राहा असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, आज त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. गप्प राहायचं मीच ठरवलं.

ठरवलं असंही नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या कळवू. दुसऱ्या दिवशी दाजींना रात्रभर झोप नव्हती, म्हटलं आज नको. आठव्या दिवशी म्हटलं, शिवणवालीचा कचेरीतला अर्ज आहे, होईल तिचं काहीतरी. बाराव्या दिवशी वाटलं, आता कळवून तरी काय उपयोग. असे ते पंधरा दिवस गेले. रोज मी त्यांच्या दाराआड बादली ठेवत होते, आणि रोज गरम पाणी घेत होते.

त्या पंधरा दिवसांत एकदा ती मला म्हणाली, "मावशी, यादी तुमच्याकडे येते ना आधी? आमचं नाव आलं तर सांगाल ना?" मी तुझ्या केंद्राबद्दल तिला पूर्वी सांगितलेलं होतं. म्हणून ती निर्धास्त होती. म्हणूनच ती तुमच्याकडे आली नाही, बारके. तिला वाटायचं, मावशी सांगेल तेव्हा जाऊ. मी "हो" म्हटलं आणि चहा प्यायले.

आणि त्या दिवशी. सामान खाली जात असताना मी बादली घेऊन वर आले, तर तिला वाटलं मी मदतीला आले. माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. तुमच्या बहिणीला फोन लावता? अजून कुणी आलं तर थांबवतील का हे?" तेव्हाही वेळ होता. वकीलबाई तासाभरात आल्या असत्या, इस्त्रीवाल्याच्या वेळी आल्याच होत्या की. फोन माझ्या खिशात होता. मी म्हटलं, "बॅटरी संपलीय गं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मला ती म्हण नेहमी दुसऱ्यांसाठी वाटायची.

पाच दिवसांनी आम्ही इथे राहायला आलो. मीच खोली धुतली होती, मीच राहायला आले. त्या मजल्यावरच्या चारही दारांतल्या बायका मला सहा वर्षं ओळखतात. जिन्यात बसून आम्ही भाज्या निवडल्यात. आता मी वर आले की दारं लागतात. शेजारच्या म्हातारीने तोंडावर विचारलं, "झोप येते का?" मी म्हटलं, "येते." खरंच येत होती, हे तुला सांगायची लाज वाटते. ओल नाही, खोकला नाही, मला गाढ झोप लागायची.

मग पाच मार्चला पत्र आलं. शिवणवालीच्या नावाचं, या खोलीवर. मदत कचेरीचा शिक्का होता. मी फोडलं. परक्याचं पत्र फोडणं पाप असेल, पण तोवर माझा पापांचा हिशेब राहिला नव्हता. अर्ज मंजूर. मागचं थकलेलं कचेरी भरणार, पुढचे सहा महिने निम्मं भाडंही देणार. तारीख तीन फेब्रुवारीची, पाकीट कुठे महिनाभर पडून होतं देव जाणे. तुमच्या स्थगितीने निदान दोन महिने तरी मिळतात, हे तूच मला शिकवलंस. तेवढे दोन महिने मिळाले असते तर पत्र तिच्या हातात पडलं असतं. आज मशीन याच खिडकीखाली असतं.

चार दिवस पत्र उशीखाली ठेवलं. मग म्हटलं, निदान पैसे तरी त्यांना मिळू देत. शोधत गेले. बेकरीवाल्याला माहीत होतं. नवरा त्याच्या भावाकडे गेलाय, लांब. मुलगी मैत्रिणीच्या घरी, परीक्षेपर्यंत. ती स्वतः कपड्यांच्या कारखान्यात लागली आहे आणि बायकांच्या निवाऱ्यात झोपते. मशीन विकलं. तीन माणसं, तीन ठिकाणी.

जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभी राहिले. ती बाहेर आली, मला बघून हसली, बारके. वाळली आहे. म्हणाली, "मावशी! तुम्ही इकडे कुठे?" मी पत्र दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. आनंद झाला तिला, अगदी लहान मुलीसारखा. मग खालची बारीक ओळ वाचली. ती मी आधी वाचली नव्हती. मदत त्याच पत्त्यावर राहत असाल तरच, असं होतं तिथे. पत्ता बदलला असल्यास नव्याने अर्ज करावा.

तिने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग पाकीट उलटसुलट करून विचारलं, "हे तुमच्याकडे कसं आलं?"

मी म्हटलं, "खोलीवर आलं."

"तिथे कोण राहतं आता?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. उत्तर तिला मिळालं.  मग म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फोन चालू होता ना?"

मी म्हटलं, "चालू होता."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी तोंड पुढे केलं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली. पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली. घंटा झाली तशी आत गेली. जेवली नव्हती. तिची सुट्टी मी खाल्ली.

तिथून थेट मॅनेजरकडे गेले. म्हटलं, आम्ही तळघरात परत जातो, ती खोली त्यांना द्या, कचेरी पैसे भरतेय. तो म्हणाला, "तळघर दिलं मी दुसऱ्यांना. आणि तुम्ही तिसरा मजला सोडलात तर तिथे दुपटीने देणारा तयार आहे. त्यांचं नाव कशाला काढता?" म्हणजे आम्ही निघालो तरी ती खोली तिला मिळत नाही. मी विचारून आले आहे, म्हणून सांगते.

घरी येऊन दाजींना सगळं सांगितलं. ते खिडकीशी बसले होते.  शेवटी विचारलं, "बारकीला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग लिही." त्या दिवशी ते जेवले नाहीत. परवापासून पुन्हा खोकतात. हवेने की कशाने, मी विचारलं नाही.

सोबत या महिन्याची यादी आहे. नऊ घरं. तारखा समोर लिहिल्यात. दुसरं घर बघ आधी, तिथे तान्हं मूल आहे आणि बाई एकटी आहे. यातली एक जरी तारीख पुढे गेली तरी मॅनेजरला कळेल कुणी सांगितलं, कारण या वेळी त्याने यादी फक्त माझ्याच हातात दिली आणि दिली तेव्हा हसला. त्याने तेरा घरांचा हिशेब केव्हाच लावला होता. म्हणूनच ती खोली मला दिली, हे मला आता उमगतंय. हे नऊ पत्ते दिल्याने ते एक घर फिटत नाही, हेही मला कळतं. तू तसं म्हणू नकोस आणि मनातही आणू नकोस.

तिला शोध. कारखान्याचा पत्ता मागे लिहिला आहे. नवा अर्ज तू भरून दे. ती माझ्या नावाने येणार नाही, म्हणून माझं नाव काढू नकोस. मुलीची परीक्षा संपली की मैत्रिणीचं घरही सुटेल, त्याआधी काही बघ.

मला माफ कर असं लिहायला बसले होते. तीनदा लिहिलं आणि खोडलं. माफी तुझ्याकडे नाही, आणि जिच्याकडे आहे तिच्याकडे मागायला मी जाऊ शकत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत आम्हीही तुमच्या केंद्राच्या दारात उभे असू. दाजींना घेऊन मीच येईन. तेव्हा वहीत आमचं नाव ज्या नंबरावर येईल त्याच नंबरावर घाल. बहीण म्हणून वर घेऊ नकोस.

ताई